न केलेल्या सहीचा निवाडा कोणीं करावा?

पेढीवर बसणाऱ्या कोणत्याहि व्यापाऱ्यास विचारा. तो सांगेल कीं, हुंडी सकारणारा पेढीवाला उत्तम. ती साफ नाकारणाराहि एक वेळ परवडला. परंतु हुंडी ठेवून घेऊन 'सकारतों' असेंहि न म्हणणारा आणि 'नाकारतों' असेंहि न म्हणणारा पेढीवाला धन्यास बुडविल्यावांचून राहत नाहीं. सकारलेल्या हुंडीचे पैसे हातीं येतात. नाकारलेली हुंडी घेऊन माणूस ती लिहून देणाऱ्याकडे जातो, नाहीं तर कोर्टाची पायरी चढतो. पण जी हुंडी दुसऱ्याच्या पेटींत मुकाट पडून आहे, तिच्यासंबंधानें फिर्याद ती कसली करावयाची? कायदेमंडळानें मंजूर केलेलें विधेयक ही लोकांनीं राज्याच्या प्रमुखावर लिहिलेली अशीच एक हुंडी होय. तिच्यावर सही करण्याचा, किंवा कारणें देऊन ती परत पाठविण्याचा अधिकार प्रमुखास घटनेनें दिलेला असतो. परंतु ती खिशांत घालून स्वस्थ बसण्याचा अधिकार त्यास आहे काय, आणि तो तसा बसलाच तर ज्या सभासदांनीं त्या विधेयकास मत दिलें त्यांना न्यायाधीशापुढें उभें राहून दाद मागतां येईल काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

हा विषय वकिलांच्या बाररूमचा आहे असें समजून कोणी पान उलटूं नये. ज्या विधेयकांवर सही होत नाहीं तीं आकाशांतून पडलेलीं नसतात. कोणतें विश्वविद्यालयासंबंधीं असतें, कोणतें कराविषयीं, कोणतें भाड्याविषयीं. त्यांच्या भरंवशावर कोणी दुकानाचा करार करून बसलेला असतो, कोणाच्या मुलाचा प्रवेश अडलेला असतो. विधेयक नामंजूर झालें असें कळलें तर माणूस दुसरी वाट धरील. मंजूर झालें असें कळलें तर कामास लागेल. तें कोणत्याच कांठास न लागतां वर्षानुवर्षें मधल्यामध्यें लोंबकळत राहिलें म्हणजे मात्र त्याची स्थिति त्रिशंकूसारखी होते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून ठेवणें जरूर आहे. आम्ही नकाराधिकाराच्या, म्हणजे ज्यास इंग्रजींत व्हेटो म्हणतात त्या अधिकाराच्या, मुळींच विरुद्ध नाहीं. बहुमत हें कांहीं वेदवाक्य नव्हे. घाईनें, रागानें किंवा लाटेबरोबर वाहत जाऊन सभागृहें वाईट कायदेहि करतात, आणि अशा वेळीं 'थांबा, पुन्हां एकदां विचार करा' असें म्हणणारा कोणी तरी असणें हें राज्यास हितावहच असतें. आमची तक्रार नकाराविरुद्ध नसून मौनाविरुद्ध आहे. नकाराला उत्तर देतां येतें. मौनाला उत्तर देतां येत नाहीं. नकार देणारा आपलीं कारणें लोकांपुढें मांडतो व त्यांची जबाबदारी शिरावर घेतो; गप्प बसणारा काम तेंच करतो, पण जबाबदारी मात्र टाळतो.

ह्या प्रश्नाचा जितका उघड ऊहापोह अमेरिकेच्या न्यायालयांत झाला आहे तितका दुसऱ्या देशांत क्वचितच झाला असेल. म्हणून प्रथम तिकडे वळूं. तेथील घटनेचा नियम असा : काँग्रेसच्या, म्हणजे तेथील कायदेमंडळाच्या, दोन्ही सभागृहांनीं मंजूर केलेलें विधेयक अध्यक्षापुढें आल्यावर रविवार सोडून दहा दिवसांत त्यानें त्यावर सही करावी, किंवा आपले आक्षेप लिहून तें परत पाठवावें. परत आलेलें विधेयक दोन्ही सभागृहांनीं दोनतृतीयांश मतांनीं पुन्हां मंजूर केलें तर अध्यक्षाच्या इच्छेविरुद्धहि तो कायदा होतो. अध्यक्षानें दहा दिवसांत कांहींच केलें नाहीं तरीहि सहीवांचून तो कायदा होतो. येथपर्यंत मौनाचा फायदा अध्यक्षास मिळत नाहीं. परंतु ह्या नियमास एक शेंपूट आहे. ह्या दहा दिवसांत सभागृहांचें काम तहकूब झाल्यामुळें विधेयक परत पाठविणेंच अशक्य झालें, तर मात्र तें विधेयक मरतें. ह्या शेंपटावर लटकूनच तेथील अध्यक्षांनीं एक युक्ति काढली. काँग्रेस उठून गेली कीं विधेयक खिशांत टाकावयाचें व गप्प राहावयाचें ! तिला तेथें 'पॉकेट व्हेटो' असें समर्पक नांव मिळालें आहे. ह्या व्हेटोचें मर्म असें कीं, दोनतृतीयांश मतांनीं अध्यक्षावर मात करण्याचा काँग्रेसचा हक्क त्यामुळें आपोआप नाहींसा होतो.

१९२९ सालीं हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला. वॉशिंग्टन संस्थानांतील कांहीं आदिवासी जमातींना आपल्या जमिनींसंबंधाचे दावे न्यायालयांत मांडतां यावेत असें एक विधेयक १९२६ सालीं मंजूर झालें होतें, आणि काँग्रेसचें अधिवेशन संपल्यामुळें तें अध्यक्षाच्या खिशांतच राहिलें. न्यायालयानें निर्णय दिला कीं, तें विधेयक कायदा झालें नाहीं. पुढें १९३८ सालीं दुसऱ्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें ठरविलें कीं, एकच सभागृह दोन-तीन दिवस उठलें असेल तर त्याच्या चिटणीसाच्या हातीं विधेयक परत देतां येतें. त्यास अडचण नाहीं. ह्या दोन निर्णयांमध्यें मोठी मोकळी जागा राहिली होती, आणि सत्ता मोकळी जागा सहसा रिकामी ठेवीत नाहीं.

१९७० च्या डिसेंबरांत ती जागा भरली गेली. घरोघर उपचार करणारे कुटुंबवैद्य तयार करण्यासाठीं इस्पितळांना व वैद्यकीय विद्यालयांना मदत देण्याचें एक विधेयक सेनेटनें ६४ विरुद्ध १ आणि प्रतिनिधिसभेनें ३४६ विरुद्ध २ अशा मतांनीं मंजूर केलें. १४ डिसेंबर रोजीं तें अध्यक्ष निक्सन यांच्यापुढें गेलें. २२ तारखेस दोन्ही सभागृहें नाताळच्या सुटीसाठीं अवघे कांहीं दिवस उठलीं, आणि जातांना सेनेटनें अध्यक्षांचे निरोप घेण्याचा अधिकार आपल्या चिटणीसास देऊन ठेवला. म्हणजे परत पाठविण्यास दार उघडें होतें व दारावर माणूसहि उभा होता. तरीहि २४ तारखेस अध्यक्षांनीं विधेयक परत न पाठवितां आपण सही करणार नाहीं एवढेंच निवेदन काढलें, आणि सुटी हीच तहकुबी मानून विधेयक मेलें असें धरून चालले. वाचकांनीं मतांचे आंकडे पुन्हां एकदां पाहावेत. उघड व्हेटो केला असता तर ज्या सभागृहांत विरुद्ध मतें अनुक्रमें एक आणि दोन पडलीं होतीं, तेथें तो कितपत टिकला असता हें सांगावयास ज्योतिषी नको. नाताळच्या सुटीचा आसरा घेण्याचें कारण ह्या आंकड्यांवरूनच दिसून येतें.

त्या ६४ मतांपैकीं एक मत सेनेटर एडवर्ड केनेडी यांचें होतें. त्यांनीं १९७२ सालीं सरकारी अधिकाऱ्यांवर दावा लाविला, आणि कायद्याचे पदवीधर असल्यामुळें स्वतःच आपली बाजू मांडली. सरकारचा पहिला आक्षेप असा कीं, ह्या गृहस्थांचें स्वतःचें असें काय गेलें आहे? शेत गेलें नाहीं, घर गेलें नाहीं. मग फिर्याद करण्याचा ह्यांस हक्क काय? वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानें १४ ऑगस्ट १९७४ रोजीं, म्हणजे निक्सन यांनीं अध्यक्षपद सोडल्यानंतर अवघ्या पांच दिवसांनीं, ह्याचें उत्तर दिलें. त्याचा भावार्थ असा : सभासदाचें मत हेंच त्याचें घर व शेत. त्यानें दिलेलें मत आणि व्हेटोवर मात करण्यासाठीं पुन्हां मत देण्याची त्याची संधि हीं दोन्ही बेकायदेशीर रीतीनें निष्फळ केलीं गेलीं असतील तर त्यास न्यायालयांत येण्याचा हक्क आहे. विधेयकाबद्दल न्यायालयानें सांगितलें कीं, चार दिवसांच्या सुटीमुळें परत पाठविणें अशक्य होत नव्हतें. सबब तें २५ डिसेंबर १९७० रोजींच कायदा झालें आहे. ह्या निर्णयावर सरकारनें पुढें सर्वोच्च न्यायालयांत अपील केलें नाहीं. उलट १९७६ सालीं अध्यक्ष फोर्ड यांच्या कारकीर्दींत अॅटर्नी जनरल एडवर्ड लेव्ही यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें अधिवेशनाच्या मधल्या सुट्यांत हा खिशांतला व्हेटो वापरला जाणार नाहीं. एका सभासदाच्या एका फिर्यादीनें एवढें काम झालें.

परंतु दाराची ही फट पुढें हळूहळू लहान होत गेली, हेंहि वाचकांपासून लपवून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९८३ च्या नोव्हेंबरांत अध्यक्ष रेगन यांनीं एल साल्व्हादोर देशास द्यावयाच्या लष्करी मदतीस मानवी हक्कांची अट घालणारें विधेयक असेंच खिशांत ठेवलें. प्रतिनिधिसभेचे सभासद मायकेल बार्न्स व त्यांचे बत्तीस सहकारी यांनीं दावा लाविला, आणि सेनेटहि त्यांत सामील झाली. अपील न्यायालयांत सभासदांचा जय झाला. तथापि सर्वोच्च न्यायालयांत प्रकरण निकालास येईपर्यंत १९८७ साल उजाडलें, आणि त्या विधेयकाची स्वतःचीच मुदत १९८४ मध्यें संपून गेली होती. सबब आतां भांडण उरलें नाहीं, असें म्हणून न्यायालयानें खालचा निर्णय रद्द करविला व मूळ प्रश्न अनिर्णीत राहिला. मौनाच्या व्हेटोचें खरें बळ येथें दिसतें. त्यास युक्तिवाद जिंकावा लागत नाहीं. नुसता काळ जिंकला म्हणजे पुरतें.

ह्याहून मोठा प्रसंग १९९७ चा. काँग्रेसनें आदल्या वर्षीं एक कायदा करून, सही झालेल्या कायद्यांतील खर्चाच्या व करसवलतीच्या कांहीं बाबी एक-एक करून रद्द करण्याचा अधिकार अध्यक्षास बहाल केला होता. त्याविरुद्ध मत देऊन हरलेले सेनेटर रॉबर्ट बर्ड आणि आणखी पांच सभासद न्यायालयांत गेले. सर्वोच्च न्यायालयानें २६ जून १९९७ रोजीं त्यांना सांगितलें कीं, तुमचें मत मोजलें गेलें, तें कोणीं निष्फळ केलें नाहीं. तुम्ही केवळ हरलां आहांत. सगळ्या सभागृहाचें वजन कमी झालें ही हानि सर्वांची सारखीच आहे. ती तुमची स्वतःची नव्हे. मात्र ह्याच निर्णयांत न्यायालयानें १९३९ सालचा एक जुना खटला वेगळा काढून ठेवला. कॅन्सस संस्थानांत सेनेटचीं मतें वीस-वीस अशीं समान पडलीं असतां लेफ्टनंट गव्हर्नरनें आपलें मत घालून एक ठराव मंजूर केला, आणि विरुद्ध मत देणाऱ्या वीस जणांना न्यायालयानें दाद मागूं दिली. कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणें, त्यांचीं मतें ठराव पाडण्यास पुरेशीं असूनहि निरर्थक केलीं गेलीं होतीं. नीट पाहिलें तर ह्या दोन निर्णयांत विरोध नाहीं. हरलेल्याची फिर्याद आणि जिंकूनहि हरविल्या गेलेल्याची फिर्याद ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढाच त्यांचा अर्थ.

त्या कायद्याचें पुढें काय झालें तेंहि सांगण्यासारखें आहे. सभासदांना दार बंद झाल्यावर बरोबर एक वर्षानें, २५ जून १९९८ रोजीं, त्याच न्यायालयानें तोच कायदा सहा विरुद्ध तीन मतांनीं घटनाबाह्य ठरविला. ह्या वेळीं फिर्यादी होते न्यूयॉर्क शहर आणि आयडाहो संस्थानांतील बटाटे पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था. त्यांचे पैसे अडकले होते, म्हणून त्यांचें ऐकलें गेलें. व्यापारी वाचकांस हें रुचेलहि. पण आम्हांस त्यांत एक खंत वाटते. ज्याचा पैसा बुडाला त्यास न्यायालय ओळखतें, मग ज्याचें मत बुडालें त्यास त्यानें कां ओळखूं नये? प्रत्येक वाईट नकारामागें एखादी बटाट्याची वखार असेलच असें नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. परकी अंमलांत लोकपक्षाच्या मताची किंमत काय होती हें नव्यानें सांगावयास नको. १९२३ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळानें नाकारलेला मिठावरील दुप्पट कर, दर मणास सव्वा रुपयाऐवजीं अडीच रुपये, लॉर्ड रीडिंग यांनीं आपल्या खास अधिकारानें बसविला, आणि त्यावर दाद मागण्यास जागा नव्हती. १९३५ च्या कायद्याच्या ७५ व्या कलमांत प्रांताच्या गव्हर्नरानें विधेयकास संमति द्यावी कीं नाहीं हें 'आपल्या मर्जीनें' ठरवावें असें स्पष्ट लिहिलें होतें. स्वराज्याची घटना लिहितांना ह्या मर्जीचें काय करावयाचें हा प्रश्न आलाच. मसुद्यांत राज्यपालानें विधेयक परत पाठविण्याच्या संबंधांत 'मर्जीनें' हे शब्द शिल्लक होते. १९४९ सालीं डॉ. आंबेडकरांनीं ते काढून टाकविले, कारण जबाबदार राज्यपद्धतींत राज्यपालाच्या मर्जीला जागा नाहीं. आजचें कलम २०० त्यांतून उतरलें आहे. राज्यपालानें संमति द्यावी, किंवा ती रोखावी, किंवा विधेयक राष्ट्रपतींच्या विचारासाठीं राखून ठेवावें. पैशाचें विधेयक नसेल तर 'शक्य तितक्या लवकर' आपल्या संदेशासह परत पाठवावें. आणि सभागृहानें तें पुन्हां मंजूर केलें तर संमति रोखूं नये, असा त्याचा सारांश आहे.

ह्यांत दोन गोष्टी विशेष लक्षांत घेण्यासारख्या आहेत. अमेरिकेचा अध्यक्ष सर्व देशानें निवडलेला असतो. आपला राज्यपाल नेमलेला असतो. दुसरें असें कीं, अमेरिकेंत व्हेटोवर मात करण्यास दोनतृतीयांश मतें लागतात. आपल्या विधानसभेस विधेयक पुन्हां मंजूर करण्यास साधें बहुमत पुरतें. म्हणजे आपल्या घटनाकारांनीं नेमलेल्या अधिकाऱ्याच्या नकारास अधिक दुबळें ठेवलें. परंतु पुन्हां मंजूर करण्याचा हक्क विधेयक परत आल्यावरच उत्पन्न होतो ! तें परतच आलें नाहीं तर घटनेनें दिलेलें तें साधें बहुमत काय कामाचें? 'शक्य तितक्या लवकर' ह्या तीन शब्दांचा अर्थ राज्यपालानेंच लावावयाचा असें म्हटलें, तर अमेरिकेच्या अध्यक्षास जें दहा दिवसांपलीकडे साधत नाहीं तें आपल्या राज्यपालास वर्षानुवर्षें साधेल.

आणि तें साधलें गेलेंहि आहे. तामिळनाडूच्या विधानसभेनें मंजूर केलेलीं दहा विधेयकें, त्यांतील पहिलें २०२० चें, राज्यपालांकडे पडून राहिलीं. २०२३ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें पंजाबच्या खटल्यांत, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालीं, सांगितलें कीं संमति रोखावयाची असेल तर विधेयक परत पाठविलेंच पाहिजे; तें बेमुदत दाबून ठेवतां येणार नाहीं. त्याच महिन्यांत तामिळनाडूच्या राज्यपालांनीं तीं दहा विधेयकें संमति नाकारून परत केलीं, १८ तारखेस विधानसभेनें तीं पुन्हां मंजूर केलीं, आणि २८ तारखेस राज्यपालांनीं तीं राष्ट्रपतींकडे धाडलीं. ८ एप्रिल २०२५ रोजीं न्यायमूर्ति पारडीवाला व महादेवन यांनीं हें पाठविणें बेकायदेशीर ठरविलें, विधेयकांस संमति मिळाली असें मानलें, आणि यापुढच्यासाठीं महिन्या-तीन महिन्यांच्या मुदती आंखून दिल्या. राष्ट्रपतींनीं ह्यावर चौदा प्रश्न न्यायालयास विचारले. त्यांचें उत्तर २० नोव्हेंबर २०२५ रोजीं पांच न्यायाधीशांनीं एकमतानें दिलें, आणि त्या पीठाच्या अग्रस्थानीं अमरावतीचे सरन्यायाधीश गवई होते.

त्या उत्तराचा अर्धा भाग आम्हांस मान्य आहे. न्यायालयानें स्वतः मुदती घालूं नयेत आणि राज्यपालाची सही आपणच केली असें मानूं नये, हें त्याचें म्हणणें कटु वाटलें तरी विचारार्ह आहे. हुंडीवर सही करण्यास पेढीवाल्यास भाग पाडणें ही एक गोष्ट, आणि कोर्टाच्या शिरस्तेदारानें त्याच्या नांवानें सही ठोकणें ही दुसरी. विधेयक परत न पाठवितां नुसतें रोखून ठेवण्याची वाट राज्यपालास मोकळी नाहीं, हेंहि न्यायालयानें सांगितलें. तें योग्यच झालें. शिवाय दीर्घ, कारणरहित व बेमुदत निष्क्रियता असेल तर, विधेयकाच्या गुणदोषांत न शिरतां, 'निर्णय करा' एवढी मर्यादित आज्ञा न्यायालय देऊं शकतें, हें त्यानें मान्य केलें. घटनेच्या ३६१ व्या कलमानें राज्यपालाच्या व्यक्तीस जें संरक्षण दिलें आहे तें ह्या आज्ञेच्या आड येत नाहीं, हेंहि स्पष्ट झालें. मात्र दीर्घ म्हणजे किती, आणि ही आज्ञा मागण्यास यावें कोणीं, ह्या दोन प्रश्नांचीं उत्तरें ज्याच्या-त्याच्या प्रकरणावर सोडलेलीं दिसतात.

आजवर पंजाब, तामिळनाडू वगैरे प्रकरणांत न्यायालयांत गेलीं तीं राज्य सरकारें. राज्यपाल व मंत्रिमंडळ यांचें वांकडें असलें म्हणजे फिर्यादीला तोटा नसतो. पण दोघांचें सूत जमलें असेल तर? किंवा मधल्या काळांत सरकारच बदललें तर? महाराष्ट्रांतील वाचकांस ह्याचें उदाहरण दूर शोधावयास नको. २०२० च्या नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें विधान परिषदेवर नेमावयाच्या बारा सभासदांचीं नांवें राज्यपालांकडे धाडलीं. तें विधेयक नव्हतें हें खरें, पण मौन तेंच होतें. एका नागरिकाच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें १३ ऑगस्ट २०२१ रोजीं म्हटलें कीं, आठ महिने हा वाजवी काळ उलटून गेला आहे व निर्णय करणें हें कर्तव्य आहे. त्यानंतरहि निर्णय झाला नाहीं. २०२२ मध्यें सरकार बदललें, आणि नव्या सरकारनें ती यादीच मागें घेतली. कोणत्या पक्षाचें बरोबर होतें ह्या वादांत आम्हांस पडावयाचें नाहीं. आम्ही एवढेंच दाखवितों कीं, फिर्याद करण्याचा हक्क सरकारच्याच हातीं राहिला तर सरकारबरोबर फिर्यादहि पडते. सभागृहानें केलेला ठराव मात्र सरकारचा नसतो, सभागृहाचा असतो. मग त्याची राखण करण्याचा हक्क सभागृहांतील माणसांस नको काय?

कोणी म्हणेल, असें दार उघडलें तर प्रत्येक नाराज आमदार कोर्टांत धांवेल आणि सभागृहाचा आखाडा न्यायमंदिरांत भरेल. ही भीति अगदींच खोटी नाहीं. म्हणूनच वर दाखविलेली मर्यादा आम्ही आवश्यक मानतों. ज्याचा पक्ष मतदानांत हरला त्यास हें दार नसावें; त्याची जागा सभागृहांत व मतदारांपुढें आहे. ज्यानें मंजूर झालेल्या विधेयकास मत दिलें, आणि ज्याचें विधेयक सहीहि नाहीं व परतहि नाहीं अशा स्थितींत पडून आहे, त्यासच तें असावें. त्यानें मागावयाचें तेंहि एकच : उत्तर द्या. 'होय' म्हणा, 'नाहीं' म्हणा, राष्ट्रपतींकडे धाडा, पण म्हणा.

ह्या हक्कास आपल्या देशांत आधारच नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनीं बिहारचे जुने राजपत्र चाळून दाखविलें कीं, १९६७ ते १९८१ ह्या काळांत त्या राज्यानें २५६ वटहुकूम विधानसभेपुढें कायद्याच्या रूपानें न आणतां पुन्हां-पुन्हां काढून एक ते चौदा वर्षें जिवंत ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयापुढें प्रश्न आला कीं, पुण्याच्या एका अभ्यासकाचा बिहारच्या वटहुकुमांशीं संबंध काय? न्यायालयानें २० डिसेंबर १९८६ रोजीं सांगितलें कीं, घटनेप्रमाणें झालेल्या कायद्यांनींच राज्य चालावें असा आग्रह धरण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास आहे. आणि बिहार सरकारकडून त्यांना दहा हजार रुपये खर्चाचे देवविले. कायदेमंडळास बाजूस सारून कायदे करणाऱ्या राज्यपालाविरुद्ध जर एक प्राध्यापक उभा राहूं शकतो, तर कायदेमंडळानें केलेला कायदा दाबून ठेवणाऱ्या राज्यपालाविरुद्ध, ज्यानें त्या कायद्यास हात वर केला तो आमदार कां उभा राहूं शकूं नये? घटनेचें २२६ वें कलम उच्च न्यायालयास केवळ मूलभूत हक्कांसाठींच नव्हे तर 'अन्य कोणत्याहि कारणासाठीं' आज्ञा काढण्याचा अधिकार देतें. तें दार घटनेंत आहेच. त्यावर सभासदाचें नांव वाचणें एवढेंच बाकी आहे.

एक आक्षेप मात्र आम्हांस खरोखर विचारांत पाडतो. १९८६ सालीं संसदेनें पोस्टाच्या कायद्यांत दुरुस्ती करून लोकांचीं पत्रें फोडण्याचा सरकारचा अधिकार वाढविला, तेव्हां राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्यावर सही केली नाहीं व तें परतहि पाठविलें नाहीं. राष्ट्रपतीस घटनेनें मुदत घातलेली नाहीं, आणि त्या मौनानें एक वाईट कायदा अडला हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. मग मौन कधीं-कधीं हितकर नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, फळ गोड लागलें म्हणून कुंपणावरून उडी मारण्याची वाट राजमार्ग ठरत नाहीं. पुढें १९९० सालीं राष्ट्रपति व्यंकटरामन यांनीं तेंच विधेयक फेरविचारासाठीं संसदेकडे परत धाडलें, आणि शेवटीं तें मागें घेण्यांत आलें. म्हणजे जें काम मौनानें तात्पुरतें केलें तेंच उघड नकारानें कायमचें झालें. सद्हेतूनें पाळलेलें मौन आणि दुष्ट हेतूनें पाळलेलें मौन बाहेरून एकसारखेंच दिसतें, म्हणून तर त्यांतील भेद कळण्यास कारणें लिहून मागावीं लागतात.

आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, संसदेनें घटनादुरुस्ती करून कलम २०० मध्यें दिवसांची मुदत घालावी. न्यायालय जी घालूं शकत नाहीं ती संसदेस घालतां येते, आणि सत्तेवरील पक्ष उद्यां विरोधांत बसणार आहे हें स्मरून ती सर्वांनीं मिळून घालावी. दुसरी, प्रत्येक विधानसभेच्या अध्यक्षांनीं अधिवेशनाच्या पहिल्या दिवशीं, कोणतें विधेयक कोणत्या तारखेस राज्यपालांकडे गेलें व त्याचें काय झालें, ह्याची यादी सभागृहापुढें ठेवावी. ह्यास कायदा नको, केवळ नियम व थोडी हिंमत हवी. तिसरी, असा अर्ज घेऊन एखादा सभासद आलाच तर 'तुझें काय गेलें?' असें उच्च न्यायालयानें त्यास विचारूं नये. त्याचें जें गेलें तें त्याच्या मतदारांचें गेलें आहे. ज्यांनीं त्यास निवडून धाडलें ते नाशिकचे कांदेवाले असोत, सोलापूरचे विणकर असोत कीं पुण्याचे पेन्शनर असोत, त्यांचीं मतें त्याच्या एका मतांत सांठविलेलीं असतात.

परक्या गव्हर्नराच्या मर्जीविरुद्ध आमच्या वडिलांनीं जो झगडा केला तो मर्जीच्या जागीं स्वकीयांची मर्जी बसविण्यासाठीं नव्हता. मर्जीच्या जागीं नियम बसावा ह्यासाठीं तो होता. नियमाची पहिली खूण ही कीं, मोठ्यांतल्या मोठ्या अधिकाऱ्यासहि केलेल्या गोष्टीचें कारण द्यावें लागतें. त्यापुढची खूण आपल्याकडे अजून उमटावयाची आहे : न केलेल्या गोष्टीचेंहि कारण त्यास द्यावें लागलें पाहिजे, आणि तें मागण्यास आलेल्या लोकप्रतिनिधीस कोर्टाच्या दारांतून परत जावें लागतां कामा नये.